हेड गेलं नव्हतं : अकोल्यातल्या एका इंक टँक प्रिंटरची दुरुस्ती

इंकजेट प्रिंटरबाबत सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं आणि सर्वांत कमी तपासलं जाणारं निदान म्हणजे ‘हेड गेलं’. हेड म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग. पाच-सहा वेळा हेड क्लीनिंग मारायचं, छपाईत फरक पडला नाही की हेडच्या नावाने अंघोळ करून मोकळं व्हायचं. अकोल्यातल्या ज्या प्रिंटरची ही हकिकत आहे त्याचंही असंच झालं होतं. हेड मात्र ठणठणीत होतं. बिघाड होता हेडखालच्या रबरी कॅपमध्ये आणि तिला जोडलेल्या नळीत. तो बिघाड तिथे कसा पोचला याचं उत्तर टेबलामागच्या एक्स्टेंशन बोर्डवर सापडलं.

तक्रार

प्रिंटर आमच्या ओळखीच्या एका प्राथमिक शिक्षिकेच्या घरचा. चार रंगांच्या टाक्या बाजूला, वर स्कॅनर, घराघरांत दिसतो तसाच. शाळेच्या कार्यपत्रिका, घटक चाचणीचे पेपर, शिवाय गल्लीतल्या निम्म्या पोरांचे प्रोजेक्ट आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स, असा त्याचा वर्षभराचा राबता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळी गावाकडे गेली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे प्रिंटर बंद खोलीत चांगला दीड-दोन महिने पडून. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ पर्यंत जातो आणि हवेत ओलाव्याचा मागमूस नसतो. बंद खोलीत शाई वाळायला याहून चांगलं वातावरण मुद्दाम करायचं म्हटलं तरी जमणार नाही.

परत आल्यावर पहिलाच कागद जवळजवळ कोरा आला. काळं अजिबात नाही, निळं तुटक, लाल-पिवळं बऱ्यापैकी. मुलाने व्हिडिओ बघून क्लीनिंगचा सपाटा लावला. मग एका दुकानात नेला. तिथल्या माणसाने दोनदा क्लीनिंग मारलं, नोझल चेक (हेडची बारीक छिद्रं, म्हणजे नोझल, चालतात का हे दाखवणाऱ्या रेघांचा कागद) काढला आणि हेड बदलायचा खर्च सांगितला. तो नव्या प्रिंटरच्या निम्म्याहून बराच वर जात होता.

“भाऊ, एवढ्यात नवाच येते ना मग?” मॅडमचा प्रश्न रास्त होता. हेड खरंच गेलं असतं तर माझंही उत्तर ‘हो’ असंच होतं. पण हेड गेल्याचा पुरावा काय, तर क्लीनिंगने फरक पडला नाही एवढाच. आणि तो पुरावा नव्हे.

क्लीनिंग म्हणजे नेमकं काय

हे समजून घेतलं नाही तर पुढचं सगळं चाचपडणं. क्लीनिंगचं बटण दाबल्यावर हेड स्वतःला साफ करत नाही. हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन एका रबरी कॅपवर बसतं. कॅपच्या तळाशी भोक, भोकाला नळी, नळीला छोटा पंप. पंप फिरला की कॅपमध्ये निर्वात ओढ तयार होते आणि नोझलमधून शाई खाली खेचली जाते. खेचलेली शाई नळीतून मागच्या नमद्याच्या पॅडमध्ये जाते. मग रबरी वायपर हेडचा तळ पुसतो. म्हणजे हे काम हेडचं नाही, कॅप आणि पंप या जोडीचं. कॅपचे काठ हेडला नीट चिकटत नसतील किंवा खालची नळी चोंदली असेल, तर पन्नास वेळा क्लीनिंग मारा, आवाज सगळे येतील, दिवे लुकलुकतील, आणि हेडमधून थेंबभर शाईही हलणार नाही.

हीच कॅप प्रिंटर बंद असताना हेडचं झाकणही असते. हेड तिच्यावर बसलेलं असेल तर नोझलच्या तोंडाशी थोडा ओलावा टिकतो. बसलेलं नसेल तर शाई उघड्यावर.

दुसरी गोष्ट हेडच्या जातीची. कॅनन आणि एचपी यांच्या घरगुती इंकजेटमध्ये प्रत्येक नोझलमागे सूक्ष्म हीटर असतो. तो शाईचा बुडबुडा करतो आणि बुडबुडा थेंब ढकलतो. एप्सन आणि ब्रदर यांच्यात हीटर नसतो. तिथे विजेच्या दाबाने वाकणारा पिएझो स्फटिक थेंब ढकलतो. हीटरवाल्या हेडमध्ये शाई न पोचता छपाई चालू ठेवली तर हीटर जळू शकतो, आणि जळलेला हीटर कुठल्याही द्रावणाने परत येत नाही. मात्र अशी बरीच हेडं काढता-घालता येतात आणि त्या मानाने स्वस्त असतात. पिएझो हेड प्रिंटरमध्ये कायमचं बसवलेलं, महाग, पण चिवट. मॅडमचा प्रिंटर पिएझो जातीचा होता. म्हणजे हेड वाचवण्यात अर्थ होता आणि ते वाचण्याची शक्यताही चांगली होती.

शाई कुठे अडते?

पहिलं काम नोझल चेकचा कागद नीट वाचणं. हा कागद लोक एकदा बघतात आणि फेकतात. खरं तर तारीख टाकून सगळे ओळीने ठेवायला हवेत, कारण एका कागदाने काही कळत नाही, दोन शेजारी ठेवले की कळतं. तुटलेल्या रेघा दोन्ही कागदांवर त्याच जागी असतील तर त्या नोझल चोंदल्यात. तुटकी जागा दर वेळी बदलत असेल तर नोझल मोकळ्या आहेत, शाई पोचत नाही, मध्ये हवा आहे. निम्मं निदान इथेच होतं. पिवळ्याच्या रेघा पांढऱ्या कागदावर धड दिसत नाहीत. त्या निळ्या पारदर्शक फाइलमधून बघाव्यात, गडद उठून दिसतात.

मॅडमच्या मुलाने सुदैवाने रद्दी टाकली नव्हती. त्याच्या कागदांवर निळ्याच्या तुटक जागा सगळीकडे हुबेहूब सारख्या. लाल-पिवळ्यातही फरक नाही. काळ्याची एकही रेघ नाही, कुठल्याच कागदावर. एवढी क्लीनिंगं मारूनही कागदात तसूभर बदल नाही, ही गोष्ट मला हेडपेक्षा पंपाकडे बोट दाखवणारी वाटली. क्लीनिंगने चित्र सुधारत नसेल तर निदान बिघडायला तरी हवं होतं. जैसे थे राहणं म्हणजे काही घडतच नाहीये.

मग शाईची वाट टाकीपासून हेडपर्यंत डोळ्यांनी पाहिली. टाक्या खालच्या खुणेच्या वर. शाई कंपनीचीच, मिसळाभेसळ नाही. काही मॉडेलांत वाहतुकीसाठी शाई बंद करायची कळ बाजूला असते आणि घर बदलल्यावर ती तशीच राहून जाते. या प्रिंटरला ती नव्हती. स्कॅनर उचलून टॉर्च मारल्यावर चार नळ्या दिसतात. तीन भरलेल्या. काळ्याच्या नळीत हेडच्या बाजूला बोटभर लांबीचा फिकट पट्टा होता, म्हणजे हवा.

ही हवा आली कुठून? इंक टँक प्रिंटरमध्ये टाक्या हेडपेक्षा मुद्दाम खालच्या पातळीवर ठेवतात, नाहीतर शाई आपोआप ठिबकत राहील. नोझलच्या तोंडाशी शाई पृष्ठताणावर टिकून असते. तिथे तिला धरून ठेवणारा पडदा फुटला, की शाई हळूहळू मागे टाकीकडे सरकते आणि तिच्या मागे हवा शिरते. उघड्या हेडमध्ये काळ्याच्या बाबतीत असंच झालं असावं, हा माझा तर्क. पुढे कॅप पाहिल्यावर तो पक्का झाला.

कॅप

हेड बाजूला घेतल्याशिवाय कॅप दिसत नाही, आणि बंद प्रिंटरमध्ये हेड कुलूपबंद असतं. ते ओढू नये. प्रिंटर चालू करायचा, हेड मधोमध आलं की प्लग उपटायचा. मग ते बोटाने अलगद सरकतं. (रोजच्या वापरात नेमकं हेच करायचं नसतं, दुरुस्तीत करायचं.)

कॅप काडेपेटीहूनही लहान. आत स्पंजाची चकती, भोवती रबराचा पातळ काठ. या काठाच्या एका कोपऱ्यावर डांबरासारखा काळा, चकचकीत थर जमला होता, नखाने टोचलं तर टणक. काळ्याच्या नोझलची रांग हेडवर त्याच बाजूला बसते. म्हणजे हेड कॅपवर बसलं तरी त्या कोपऱ्याला फट राहणार. एवढ्या फटीतून निर्वात ओढ तयार होत नाही आणि वाळवणारी हवा मात्र बिनबोभाट आत येते.

मग पाण्याची चाचणी. सिरिंजने कॅपमध्ये काठोकाठ डिस्टिल्ड वॉटर भरलं, हेड परत जागेवर सरकवलं, प्लग लावला, क्लीनिंग मारलं. घरघर, टकटक, सगळे आवाज नेहमीसारखे. पुन्हा हेड मधे आणून पाहिलं तर पाणी तसंच काठोकाठ, वरून निळसर तवंग. पंप चालू असता तर कॅप कोरडी दिसायला हवी होती. ही चाचणी करायला दोन मिनिटं लागतात आणि तिच्याशिवाय हेडवर शिक्का मारणं म्हणजे नळाला पाणी येत नाही म्हणून विहीर आटली म्हणण्यातला प्रकार.

सामान सगळं गावात मिळणारं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, मेडिकलमधून दहा मिलीची सिरिंज आणि सलाईन सेटची नळी, हातमोजे, चष्मा पुसायचं सुती धागे न सुटणारं फडकं. कापसाची बोळी टाळलेली बरी, तिचे तंतू हेडला चिकटतात. पाणी कोमट केलं, गरम नाही. या प्रिंटरच्या चारही शाया डाय प्रकारच्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या, म्हणून नुसतं पाणी पुरलं. पिगमेंट शाईत रंगाचे कण असतात. ती वाळली की नुसतं पाणी बहुधा पुरत नाही, त्यासाठीचं खास क्लीनिंग सोल्यूशन आणावं लागतं. इंटरनेटवर व्हिनेगरपासून नेलपेंट रिमूव्हरपर्यंत सगळे उपाय सापडतात. त्यातलं रिमूव्हर, म्हणजे अ‍ॅसिटोन, प्लास्टिक आणि चिकटवलेले सांधे खातं. ते प्रिंटरच्या खोलीतही नको.

कॅपमध्ये कोमट पाणी घालून मुरू दिलं, काळं झालं की सिरिंजने ओढून घेतलं, पुन्हा ताजं. काठावरचा थर भिजल्यावर फडक्याने निघाला, खरवडावा लागला नाही. रबर खरवडलं तर गेलंच समजा. मग सलाईनच्या नळीचा तुकडा तळाच्या भोकावर घट्ट दाबून पाणी हलक्या हाताने आत ढकललं. सुरुवातीला दट्ट्या अजिबात हलेना. जोर न लावता तसाच धरून ठेवला, थोडा ओढला, थोडा ढकलला. हा मागे-पुढे खेळ बराच वेळ चालला आणि मग एकदम वाट मोकळी झाली, सिरिंज सरसर रिकामी. शाईची वाळलेली गुठळी पुढे सरकून पॅडकडे गेली. वायपरच्या पात्यावरही चिकट थर होता, तो पुसला.

परत पाण्याची चाचणी. या वेळी क्लीनिंगनंतर कॅप कोरडी, स्पंज फक्त दमट.

सिरिंज खाली कॅपच्या नळीत चालवणं आणि वर हेडच्या शाईमुखात चालवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बरेच व्हिडिओ थेट दुसऱ्यावर उडी मारतात. हेडमधल्या पिएझोच्या पडद्यांना जोराचा दाब सोसत नाही, एका रंगाची शाई दुसऱ्यात उतरते. त्याहून वाईट म्हणजे ओघळ हेडच्या चपट्या रिबन केबलपर्यंत पोचतो. ओल्या कनेक्टरवर प्रिंटर चालू केला की शॉर्ट होऊन हेड आणि मदरबोर्ड दोन्ही जाऊ शकतात. ‘हेड गेलं’ म्हणून आलेले किती तरी प्रिंटर दुरुस्तीनेच गेलेले असतात.

हेडची पाळी

पंप सुरू झाल्यावर नोझल चेकचा कागद प्रथमच बदलला. काळ्याच्या काही रेघा उमटल्या. पुढच्या कागदावर त्यातल्या काही गेल्या आणि वेगळ्याच जागी नव्या आल्या. हेच हवं होतं. जागा बदलतेय म्हणजे नोझल जिवंत, हवा बाकी आहे. इथे माणसाचा हात शिवशिवतो आणि तो क्लीनिंगवर क्लीनिंग मारत सुटतो. शाई संपते, पॅड भरतं, आणि घुसळून बुडबुडे आणखी बारीक होतात. प्रिंटर रात्रभर बंद ठेवला. बुडबुडे एकत्र येऊन वर जायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणं हीही दुरुस्तीच. दुसऱ्या दिवशी क्लीनिंगनंतर नळीतला फिकट पट्टा नाहीसा झाला आणि काळं जवळपास पूर्ण उमटलं.

निळ्याच्या तुटक जागा मात्र जिथल्या तिथे. ती खरी चोंदलेली तोंडं. त्यासाठी कॅपमध्ये पाणी भरून हेड तिच्यावर बसवून ठेवलं, म्हणजे हेडचा तळ भिजत राहिला. असं भिजवलेलं हेड साधारण सुटतं, धीर मात्र धरावा लागतो. निळं सुटलं. या वर्गातल्या काही प्रचलित मॉडेलांमध्ये काळ्याला १८० नोझल असतात आणि बाकी प्रत्येक रंगाला ५९. काळ्यातल्या एक-दोन गेल्या तर साध्या मजकुरात पत्ता लागत नाही, रंगात मात्र आडवी पांढरी रेघ लगेच डोळ्यात भरते. म्हणून निळ्याकडे जास्त लक्ष दिलं.

मधल्या काळात हेड एकदा धाडकन उजव्या भिंतीवर आदळलं आणि सगळे दिवे लागले. मॅडम घाबरल्या. हेडच्या मागे आडवी पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर केसाहून बारीक रेषा छापलेल्या असतात. हेड कुठे आहे हे प्रिंटर त्या रेषा मोजून ओळखतो. तिच्यावर शाईचा शिंतोडा पडला होता. दमट फडक्याने अलगद पुसला, काम झालं. या पट्टीला स्पिरिट लावू नये, छापलेल्या रेषाच निघू शकतात.

भरलेलं पॅड, जे भरलं नव्हतं

काम संपत आलं तेव्हा संगणकावर सूचना आली की वेस्ट इंक पॅडचं, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या मागच्या नमद्याचं, आयुष्य संपत आलंय. मुलाने लगेच ‘रिसेटर’, म्हणजे ही मोजणी शून्य करणारं सॉफ्टवेअर, शोधायला घेतला. त्याला थांबवून मागचा एकच स्क्रू काढला आणि पॅडचा ट्रे बाहेर ओढला. खालचा भाग काळानिळा ओला, वरचा अर्धा कोरा पांढरा.

याचं कारण गमतीचं आहे. प्रिंटर पॅडमधली शाई मोजत नाही. प्रत्येक क्लीनिंगला अमुक एवढी शाई जाते असं गृहीत धरून तो मेमरीत आकडा वाढवत जातो. पंप चोंदलेला असताना मारलेल्या सगळ्या क्लीनिंगचीही त्याने इमाने नोंद केली होती, पॅडमध्ये थेंबही न जाता. उलट बाजूने हेच धोक्याचं. पॅड न बदलता नुसता आकडा शून्य केला तर प्रिंटर खुशाल ओतत राहतो, आणि एके दिवशी टेबलावर, भिंतीवर, खालच्या वह्यांवर शाई उतरते. रिसेटच्या नावाखाली कुठूनही उतरवलेल्या फायलींत व्हायरस असू शकतो तो वेगळाच.

आकडा तसाच ठेवला. मर्यादा येऊन प्रिंटर थांबेल तेव्हा आधी नमदा नवा, मग रिसेट. नमदा धुऊनही वापरता येतो, अकोल्याच्या उन्हात तो वाळेलही झकास, पण त्यातून शाई निघायची थांबत नाही आणि मोरी आठवडाभर निळी राहते. नवा घ्यावा, महाग नसतो. अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत हा पॅड ‘मेंटेनन्स बॉक्स’ म्हणून घरी काढता-घालता येतो. नवीन प्रिंटर घेताना एवढी एक गोष्ट विचारून घ्यावी.

बोर्डचं बटण

कॅपवर थर का जमला हे शोधलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात हीच कहाणी. प्रिंटर, संगणक आणि कूलर एकाच एक्स्टेंशनवर. घरातली शिस्त अशी की काम झालं की बोर्डचं बटण खट्. वीज वाचते, लहान मूल हात लावत नाही, सगळं बरोबर. पण प्रिंटरला त्यात आवरायला वेळच मिळत नाही. त्याच्या अंगावरचं बटण दाबलं तर तो हेड उजवीकडे नेतो, कॅपवर बसवतो, कुलूप लावतो आणि मग दिवा विझवतो. मागून वीजच तोडली तर हेड असेल तिथे उघडं, आणि कॅपही उघडी, तिच्यातली शाई काठावर वाळत जाते. गावाला निघताना मुलाने शेवटचं पान काढलं आणि पान बाहेर येता येता बोर्ड बंद केला होता, हे त्यालाच आठवलं. परतल्यावर कॅपवर बसलेल्या अर्धवट वाळलेल्या हेडने त्यात भर घातली. लाइट जाण्याचं तेच. छापता छापता लाइट गेली तर ती आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून स्वतःच्या बटणाने बंद करावा, मग खुशाल झोपावं.

आता तिथे प्रिंटर वेगळ्या बोर्डवर आहे. बटण प्रिंटरचं आधी, भिंतीचं नंतर. आठवड्यातून एक पान चारही रंगांत काढायचं, ती जबाबदारी मुलाने घेतलीय. कूलरच्या झोतातून टेबल हलवलं, कारण दमट झालेले कागद दोन-दोन ओढले जात होते. सुट्टीत गावाला जाताना प्रिंटर शेजाऱ्यांकडे ठेवायचा, त्यांच्या पोराचेही प्रोजेक्ट असतातच.

काळ्यातली एक रेघ अजूनही तुटकी आहे, दर कागदावर त्याच जागी. फोटोच्या गडद भागात नीट बघितलं तर तिचा माग दिसतो. मॅडमना ती काढून हवी होती. मी नको म्हटलं. त्या एका तोंडासाठी हेड पुन्हा भिजवायचं आणि उरलेल्यांना धक्का लावायचा, हा सौदा परवडणारा नाही. घटक चाचणीचे पेपर व्यवस्थित निघतायत.